झेंडूची गाळणी

आपल्याकडच्या माणसाला गाडी नको असते, उंची हवी असते, असं मकरंद खोत म्हणायचे. खोत हे तुरंग मोटर्सचे योजनाप्रमुख आणि अकरा वर्षं माझे साहेब. दोन हजार छत्तीसच्या जानेवारीत त्यांनी चाकणच्या कारखान्यात आम्हा सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि जाहीर केलं, की कंपनीच्या एसयूव्ही आता तीनाच्या आठ होणार. मागणीच तेवढी होती. आमच्या सगळ्यात मोठ्या 'शिखर'साठी लोक चौदा-चौदा महिने थांबत होते. ज्यांना शिखर झेपत नाही त्यांच्यासाठी 'कडा', 'पठार', 'घाट' अशी उतरती रांग होती आणि तळाला 'टेकडी'. टेकडी म्हणजे खरं तर साधी छोटी मोटारच, फक्त टाचा उंचावून उभी केलेली. पण आत बसलं की रिक्षावाला खाली दिसतो, आणि लोकांना तेवढंच पाहिजे असतं.

माझं काम गाडीच्या डोळ्यांचं. नवीन कायद्याने प्रत्येक गाडीला समोरचं माणूस ओळखून आपणहून ब्रेक लावता आला पाहिजे. शिखरला त्यासाठी रडार होतं आणि तीन कॅमेरे. टेकडीत यातलं काही बसेना, म्हणून एकच कॅमेरा ठेवला, तोही समोरच्या जाळीवर आमच्या कंपनीचा जो घोडा आहे त्याच्या डोळ्यात. दिसायला फार सुरेख. पण एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा म्हणजे पटेल. जवळची लहान वस्तू आणि लांबची मोठी वस्तू त्याला सारखीच दिसते. ती कोणती हे बाकीच्या खाणाखुणांवरून ताडावं लागतं, आणि ते ताडणं गाडीला शिकवायचं काम माझ्याकडे होतं.

पाडव्याला एका दिवसात सव्वाअकरा हजार टेकड्या शोरूममधून बाहेर पडायच्या होत्या. त्यातल्या निम्म्या पडल्याच नाहीत. भटजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली, घरातल्या सुनेने ओवाळलं आणि यजमानांनी जाळीवर झेंडूचा हातभर जाड हार बांधला. बरोबर घोड्याच्या डोळ्यावर. मग चावी फिरवली की गाडी गोड आवाजात म्हणे, समोर अडथळा आहे. नवे कपडे घातलेली माणसं उन्हात उभी, मुहूर्त टळतोय, आणि गाडी जागची हलायला तयार नाही. नाशिकच्या एका आजोबांनी आमच्या माणसाला सुनावलं की ज्या गाडीला देवाचा हार अडथळा वाटतो ती गाडी दारात नको.

जाहिरात विभागाने जाळीवर हार घालू नये असे स्टिकर छापले. लोकांनी स्टिकरवर हार घातले. तेव्हा खोतांनी मला बोलावून सांगितलं, की माणसं बदलायला वेळ नाही, गाडी बदला.

नऊ दिवसांत मी ती गाळणी लिहिली. गाळणी म्हणजे कॅमेऱ्याला दिसणाऱ्या चित्रातून हार तेवढा वजा करणारा प्रोग्राम. आमच्या गटात तिला सगळे 'झेंडू'च म्हणत. झेंडूच्या खुणा साध्या होत्या. रंग केशरी-पिवळा. कडा पुसट, कारण हार भिंगाच्या अगदी जवळ असतो. हलणं झोक्यासारखं, इकडून तिकडे. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण ही, की रस्त्यावरची झाडं, खांब, माणसं चित्रात मागे सरकत जातात, हार मात्र आहे तिथेच राहतो. या चार खुणा जुळल्या की ते दुर्लक्षित करायचं.

सुरुवातीला झेंडू फक्त नव्या गाडीत, पहिले तीन दिवस चालू राहायचा. पण खंडेनवमीला जुन्या गाड्यांनाही हार चढतात. मग लक्ष्मीपूजन आलं, मग कोणाचं अमावास्येचं व्रत, कोणाच्या लेकीच्या लग्नाची वरात. तीन दिवसांचे तीस झाले आणि शेवटी मुदतच काढून टाकली. पुढे एका गाडीचा हार हायवेवर वाऱ्याने फुगून भिंगावर चढला, गाडीला वाटलं काहीतरी मोठं होत जवळ येतंय, तिने भर वेगात ब्रेक लावला आणि मागचा ट्रक आदळला. म्हणून चित्रात मोठं होत जाणाऱ्या हाराकडेही लक्ष द्यायचं नाही, अशी सूट मी दिली. प्रत्येक वेळी कारण रास्त होतं. प्रत्येक कागदावर सही माझी आहे.

त्याच वर्षी मी माझ्या भावाला टेकडी घ्यायला लावली. नरेशदादा अमरावतीला जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. पन्नाशीला आला तरी गाडी चालवायची त्याला धास्ती होती, आणि शाळा गावापासून तीस किलोमीटर. त्याला मीच म्हटलं, तू चुकलास तरी गाडी चुकायची नाही. एकदा म्हैस आडवी आली तेव्हा टेकडी आपणहून थांबली, तर त्याने मला फोन करून ते इतक्या कौतुकाने सांगितलं, जणू मीच दोर धरून उभी होते.

डिसेंबरच्या एका सकाळी साडेसातला त्याचा फोन आला. बडनेरा रस्त्यावर धुकं होतं. रस्ता झाडणारी एक बाई त्याच्या गाडीखाली आली आणि दवाखान्यात नेताना गेली. रत्नमाला खंडारे, वय अडतीस. तो तिच्यासोबत रुग्णवाहिकेत बसून गेला होता आणि आता पोलीस ठाण्यातून बोलत होता. आवाज शाळेत पाढे म्हणवून घेताना असतो तसाच सपाट होता, त्याचीच मला भीती वाटली.

"मले ते बाई दिसली होती, शरू," तो म्हणाला. "साफ दिसली. मी म्हटलं, गाडी थांबन. ते थांबतेच नं नेहमी. मंग लक्षात आलं का थांबून नाही राह्यली, तवा पाय देला. तोवर झालं होतं."

पोलिसांनी हे लिहून घेतलं नाही. त्यांच्याकडे गाडीची नोंद आली होती. नव्या कायद्यात गाडीची नोंद हाच पहिला साक्षीदार, आणि ती एका ओळीची होती: समोर अडथळा नव्हता, प्रणाली ठीक, चालकाने ब्रेक उशिरा लावला. रस्त्यावर बाई होती हे कोणीच नाकारत नव्हतं, पण प्रणाली ठीक म्हटल्यावर दोष उरतो तो चालकाचा. जमादाराने समजुतीने सांगितलं की गुरुजी, तुम्हाला डुलकी लागली असेल, पहाटे लागते. दोन दिवसांनी दादा मला म्हणाला की लागलीच असेल डुलकी. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याचा माझ्या कॅमेऱ्यावर जास्त विश्वास होता, आणि तो तसा बसवायला मी आठ महिने घेतले होते.

मूळ चित्रफीत न्यायालयात जात नाही, कंपनीकडे राहते. मी ती काढली. धुक्यात पाठमोरी, वाकून झाडणारी एक बाई. अंगावर सफाई कामगारांना दिलेलं केशरी जाकीट, लांबून दिसावं म्हणून दिलेलं. झाडू इकडून तिकडे आणि त्याबरोबर ती झुलते आहे. धुक्याने तिच्या कडा पुसलेल्या. आणि तिच्याभोवती आमच्या प्रणालीने काढलेली पिवळी चौकट, वर एकच शब्द: हार. खात्री चौऱ्याण्णव टक्के. गाडीवर त्या दिवशी हाराची पाकळीसुद्धा नव्हती.

चौथी खूण का जुळली, ते कळायला मला मिनिटही लागलं नाही. जहाजावरच्या माणसांना ही गोष्ट शेकडो वर्षं माहीत आहे. दुसरं जहाज तुमच्या नजरेत डावी-उजवीकडे सरकत असेल तर ते बाजूने निघून जाणार. ते एकाच जागी स्थिर दिसत असेल आणि नुसतं मोठं होत असेल, तर ते तुमच्यावर आदळणार. ज्याच्याशी टक्कर व्हायची असते तेच नजरेत जागचं हलत नाही. मी गाडीला शिकवलं होतं की जागचं न हलणारं म्हणजे हार. आणि मोठं होत गेलं तरी हारच. म्हणजे गाडीच्या अगदी वाटेत जो उभा आहे नेमका त्यालाच वजा करायला मी शिकवलं होतं, अट एवढीच की त्याने केशरी घातलेलं असावं.

मी फीत उतरवून घेतली. मग ती घेऊन खोतांकडे गेले.

खोत ओरडणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी फीत दोनदा पाहिली, दार लावून घेतलं आणि विचारलं की असं आणखी कुठे झालंय का. मला माहीत नव्हतं. रस्त्यावर टेकड्या दोन लाख दहा हजार होत्या. मी म्हटलं, सरकारला कळवू, गाड्या थांबवू. त्यांनी मला कायद्याचं कलम दाखवलं. एखाद्या मृत्यूला प्रणाली कारणीभूत असल्याचा आरोप झाला, की चौकशी संपेपर्यंत कंपनीने त्या प्रणालीला हात लावायचा नाही, नाहीतर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा. मागच्या खेपेला दुसऱ्या एका कंपनीच्या चौकशीला सात महिने लागले होते. आणि एका अपघातासाठी दोन लाख घरांच्या गाड्या दारात उभ्या करायला कोणतंही सरकार धजणार नव्हतं, हे मलाही कळत होतं.

"आरोप झाला तर झेंडू सात महिने दोन लाख गाड्यांत तसाच चालू राहील," ते म्हणाले. "आरोप झाला नाही, तर आज दुपारी काढून टाकता येईल. तुम्हीच सांगा, शर्वरी मॅडम."

म्हणजे दादाला वाचवायचं तर रोज पहाटे रस्त्यावर उतरणाऱ्या हजारो माणसांना टांगणीला लावायचं. त्यांना वाचवायचं तर दादाने तुरुंगात जायचं. मी एका दिवसाची मुदत मागून अमरावती गाठली.

दादा जामिनावर घरी होता. शाळेने निलंबित केलं होतं. सुलभावहिनीने पाणी दिलं आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, "शरूताई, तुमच्या त्या गाडीले एकदा विचारा नं. खरंच नव्हती का ते बाई समोर?" मी पाणी पीत राहिले. इतकं सावकाश पाणी मी कधी प्यायले नाही.

गच्चीवर गेल्यावर मी दादाला सगळं सांगितलं. झेंडू, जाकीट, पिवळी चौकट, खोतांचं कलम. डुलकी लागली नव्हती एवढं कळल्यावर त्याचे खांदे जरासे सैल पडले, ते मी पाहिलं. मग त्याने विचारलं की गाड्या किती, आणि ही जाकिटं कुठे-कुठे घालतात. मी म्हटलं, जवळपास सगळ्या शहरांत.

"मंग मले काय विचारून राह्यली," तो म्हणाला. "मी पाय उशिरा देला, हे खोटं हाये काय? दिसत होती, तरी पाय थांबवला. गाडीची वाट पाह्यली मी. ते माझंच. तू गाडी सुधरव."

मी म्हटलं, दोन वर्षं होतील, नोकरी जाईल. तो म्हणाला, रत्नमालाबाईचं काय-काय गेलं ते मी पाहिलंय. वहिनीला मात्र काही सांगू नको असं त्याने बजावलं, कारण ती गप्प बसणार नाही. तेव्हा मला तो देवमाणूस वाटला होता. आज वाटतं, आम्ही दोघांनी मिळून एका माणसाच्या चांगुलपणाचा गैरफायदा घेतला, आणि त्या दोघांत तोही होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन लाख दहा हजार गाड्यांतून झेंडू निघाला. बटण मी दाबलं. त्याच टेबलावर मी दुसऱ्या कागदावर सही केली: तपासणीत प्रणालीत दोष आढळला नाही. सहीत माझं सासरचं आडनाव असल्याने न्यायालयात कोणाला काही खटकलं नाही. यंत्र साक्षीदार असल्यावर उलटतपासणी कसली करणार? फेब्रुवारीत निकाल लागला. दोन वर्षं.

निकालाच्या दिवशी रत्नमालाबाईंचे यजमान उत्तम खंडारे आले होते. तेही सफाई कामगारच. मी भिंतीला टेकून उभी होते, मला ते ओळखत नव्हते. दादाला नेत असताना ते पुढे झाले. आता हात उगारणार असं वाटून हवालदार मध्ये आला.

"सर, तुम्ही पळून नाही गेले," खंडारे म्हणाले. "तिचा हात धरून बसले होते गाडीत. एवढं मी म्हणीन."

दादाने मान खाली घातली. मी पुढे होऊन बोलायला हवं होतं. मी भिंतीपाशीच उभी राहिले, आणि त्यासाठी मी कोणत्याही कलमाकडे बोट दाखवू शकत नाही.

कंपनीत मला कॅमेऱ्यांवरून काढून पार्किंगच्या भोंग्यांवर बसवलं. मी तक्रार केली नाही. मार्चमध्ये आठापैकी राहिलेल्या दोन गाड्या, 'चढण' आणि 'बांध', बाजारात आल्या. दोन्ही टेकडीपेक्षा लहान, दोन्हींना तोच एक डोळा. नोंदणी पहिल्याच आठवड्यात चाळीस हजारांवर गेली. खोतांचा फोटो वर्तमानपत्रात आला.

पाडव्याला सकाळी मी निगडीहून जात होते. शोरूमसमोर मांडव, सनई, पेढे. एक पांढरी टेकडी बाहेर आली. जाळीवर मांडीएवढा जाड झेंडूचा हार, घोड्याचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. गाडी कुरकुर न करता रस्त्याला लागली. मागून दुसरी आली, तिसरी आली, तीही तशीच. आत बसलेली माणसं हसून हात हलवत होती. मी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, कारण मला पुढचं दिसेना.

तशीच जाऊन मी विचारलं, तेव्हा खोतांनी नाकारलं नाही. पाडव्याआधी शोरूमवाल्यांनी गाड्या उचलायचंच नाकारलं होतं, म्हणाले, मागच्यासारखा तमाशा परत नको. म्हणून नव्या मुलांच्या गटाने नवी गाळणी लिहिली, तिचं नाव 'तोरण', आणि ती फार जपून लिहिली आहे. मी ती मिळवून वाचली. जपून म्हणजे माझीच होती. नाव बदललं होतं, मोठं होत जाणाऱ्या हाराची सूट जशीच्या तशी होती. त्या मुलांना बिचाऱ्यांना ती सूट कशासाठी धोक्याची हे सांगितलंच नव्हतं कोणी. सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. आणि कंपनीत ते खोतांना आणि मला दोघांनाच माहीत होतं, त्यांतल्या मी तर दोष नाही म्हणून लिहून दिलं होतं.

अकरा दिवसांनी जालन्याजवळ रस्त्याच्या डागडुजीवरचा एक माणूस गेला. समोरून ऊन, भिंगावर धूळ, हातात हलवायचं केशरी फडकं. गाडी 'बांध', घेऊन नऊ दिवस झालेले. चालवणारी बाई डॉक्टर होती. नोंद एका ओळीची. त्या बाईही आता लोकांना सांगत असतील, की मला डुलकी लागली असेल.

त्या रात्री झोपणं शक्यच नव्हतं. सकाळी मी दिल्लीला परिवहन मंत्रालयाला पत्र लिहिलं, सात पानी, आणि त्याची प्रत एका वर्तमानपत्राला. झेंडू, चित्रफीत, माझ्या दोन्ही सह्या, तोरण, जालना. मागणी एकच: चौकशी कितीही चालो, त्याआधी गाड्या थांबवा. दोन मृत्यू आणि लिहिणाऱ्याचीच कबुली असल्यावर ते फेकून देणं कोणालाही जड गेलं असतं. खोटा अहवाल दिल्याबद्दल मी आत जाईन, हे मी गाठलेल्या वकिलाने सांगितलंच होतं, आणि ते ऐकून मला बरंच वाटलं. पण पत्र पाठवण्याआधी दादाला विचारायला हवं होतं. दोन वर्षं त्याची होती.

अमरावतीच्या कारागृहात भेटीला वीस मिनिटं मिळतात. दादा बारीक झाला होता, पण हजामत केलेली होती. तो भराभरा बोलत सुटला. आत पंचवीस-तीस जणांना तो भागाकार शिकवतो. एक जण पन्नास वर्षांचा आहे, त्याला काल पहिल्यांदा बाकी शून्य आली, तर तो रडला. वहिनीला सांग, गुडघा बरा आहे. मी पर्समधल्या लिफाफ्यावर हात ठेवून संधी शोधत होते, तेवढ्यात तोच जाळीजवळ वाकला.

"गाडी झाली नं नीट?" त्याने हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मंग दोन वर्सं काही जास्त नाहीत," तो म्हणाला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं.

मुलाखत संपल्याची घंटा झाली. मी बाहेर आले, चालत टपाल कचेरीपर्यंत गेले आणि पत्र रजिस्टर केलं. दिल्लीला पोचायला चार दिवस, छापून यायला आणखी दोन-तीन. तेवढे दिवस त्याला कळायचं नाही. मग एका सकाळी आत वर्तमानपत्र येईल, कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवेल. त्याची दोन वर्षं फुकट गेली, आणि बहीण समोर बसून तोंडावर खोटं बोलली, हे दोन्ही त्याला एकदमच कळेल. त्यातलं कोणतं त्याला जास्त लागेल, ते मला सांगता येत नाही.